राज्यशास्त्र घेताय? आधी एक्सेल उघडा

तर तुमच्या घरात कोणीतरी राज्यशास्त्र घ्यायचं म्हणतंय. घाबरू नका, वेळेत कळलंय. पहिले दोन दिवस फक्त "म्हणजे आता निवडणुकीला उभा राहणार का रे?" एवढंच विचारत राहायचं, येणाऱ्या-जाणाऱ्यालाही विचारायला लावायचं. एवढ्यावर ऐकलं तर ठीक, नाहीतर एक्सेल उघडायचं आणि ही डिग्री तोट्याची आहे हे आकड्यांत दाखवायचं.

पहिल्या ओळीत फी. दुसऱ्या ओळीत तीन वर्षांचा बुडालेला पगार, म्हणजे कॉलेजात न जाता थेट कामाला लागला असता तर जे मिळालं असतं ते. हीच ओळ इंजिनिअरिंगच्या शीटमध्ये चुकूनही टाकू नका, तिथे चार वर्षं बुडतात आणि विनाकारण गोंधळ होतो. तिसऱ्या ओळीत जेवणखाण. आता डिग्री केली नसती तर काय हवा खाऊन राहिला असता का, असं कोणी विचारलंच तर विषय बदला.

मग खरी गंमत, डिस्काउंट रेट, म्हणजे पुढे मिळणारा पैसा दर वर्षामागे किती टक्क्यांनी स्वस्त धरायचा तो दर. उद्याचा पैसा आजच्या पैशापेक्षा स्वस्त, हे तत्त्व. दहा वर्षांनी मिळणाऱ्या 100 ची आजची किंमत 7 टक्क्यांनी साधारण 51 येते, आणि 12 टक्के धरले की 32. रेट कोणी ठरवायचा? तुम्हीच, माउस तुमच्या हातात आहे ना. ज्या लाइनीत पगार उशिरा वाढतो तिला जरा चढा रेट लावला की विषय संपला, आणि वर पोराला सांगता येतं की बाबा रे हे मी नाही म्हणत, आकडे म्हणतायत.

सरासरीचंही तसंच. समजा वर्गातल्या दहापैकी नऊ जणांना महिना 30 हजार मिळतात आणि दहाव्याला 30 लाख, तर सरासरी येते 3 लाख 27 हजार आणि मीडियन, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावले की मधोमध येणारा आकडा, 30 हजार. आपल्याला आवडणाऱ्या कोर्सला सरासरी लावायची, न आवडणाऱ्याला मीडियन. दोन्ही खरेच आकडे आहेत, खोटं कुठे बोललो आपण? आणि मुळात हुशार असलेली, घरून पाठबळ असलेली पोरं ज्या कोर्सला जातात त्यांचा पगार त्या कोर्समुळेच वाढला असं ठोकून द्यायचं, उलटतपासणी घ्यायला आकडेवारी शिकलेला माणूस लागतो आणि तो नेमका राज्यशास्त्राच्या वर्गात बसलाय.

पोरगं तरीही अडून बसलं तर इतिहास काढा. मॅकियाव्हेली घ्या. या विषयातलं सगळ्यात गाजलेलं नाव, आणि करिअर बघा: इटलीतल्या फ्लोरेन्समधली सरकारी नोकरी 1512 ला मेदिची घराणं सत्तेवर परत आल्यावर गेली, 1513 ला कटाच्या संशयावरून तुरुंग आणि छळ. सुटल्यावर बसून सत्ता कशी मिळवायची आणि टिकवायची यावर छोटंसं पुस्तक लिहिलं, ज्या घराण्यामुळे नोकरी गेली त्याच मेदिचींच्या लोरेन्झोला अर्पण केलं, म्हणजे चक्क जॉब अप्लिकेशनच की, आणि जुनी पोस्ट काही परत मिळाली नाही. पुस्तक छापून आलं 1532 ला. लेखक वारला 1527 ला. परतावा पाचशे वर्षं चालूच आहे पण शीटमध्ये कुठल्या सेलला टाकणार, अकाउंट होल्डरच नाही.

इथे एखादा आगाऊ भाचा एलिनॉर ऑस्ट्रॉमचं नाव काढणार, तयारीत राहा. बाईंना अर्थशास्त्रात पीएचडी करायची होती, गणिताचा पाया पुरेसा नाही म्हणून प्रवेश नाकारला, मग राज्यशास्त्रात केली, 1965 ला. विहिरी, जंगलं, मासेमारी, असल्या सामाईक गोष्टी लोक भांडून न संपवता कशा वाटून घेतात ते शोधत बसल्या आणि 2009 ला नोबेल मिळालं. अर्थशास्त्राचं. तुम्ही शांतपणे म्हणा, बघ, पैसे शेवटी अर्थशास्त्रानेच दिले ना! हर्बर्ट सायमनचं नाव निघालं तरी हेच उत्तर चालतं, त्याचीही पीएचडी राज्यशास्त्रातली आणि 1978 चं नोबेल अर्थशास्त्रातलं. त्याचं म्हणणं होतं की माणूस सगळे पर्याय तपासत नाही, बऱ्यापैकी काही सापडलं की थांबतो. तुम्ही तिसऱ्या ओळीवर थांबलात तसं, पण हे घरात बोलू नका.

एवढं करूनही ऐकलं नाही तर घेऊ दे. एक दिवस कर्जाचा हप्ता अचानक वाढेल, किंवा फी वाढायचा ठराव कुठल्यातरी कमिटीत पास होईल, किंवा तुमच्या घरामागच्या जागेचं आरक्षण बदलेल, आणि हे नेमकं कोणी ठरवलं, कुठे अर्ज करायचा, कोणाच्या सहीने थांबतं, काही कळणार नाही. तेव्हा रात्री साडेदहाला त्याच पोराला फोन करा. तास-दीड तास समजावून सांगेल, अर्जाचा मसुदापण करून देईल. पैसे मागणार नाही, त्यामुळे शीटमध्ये तिथे शून्यच लिहा.