छताला तोंड असतं

ऑफिसचं नूतनीकरण ठरलं आणि छत-भिंतींचं सामान निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. माझी पात्रता एवढीच, की मीटिंगमध्ये हा विषय निघाला तेव्हा मी वर बघत होतो. मला जांभई आली होती. साहेबांना वाटलं, याला छतात रस आहे.

पुढचे दोन महिने मी जिथे जाईन तिथे वरच बघत होतो. बँकेत, विमानतळावर, लिफ्टमध्येसुद्धा. दातांच्या डॉक्टरांनी ‘आ करा’ म्हणून खुर्ची मागे नेली, तेव्हा कोपऱ्यातली एक टाइल सैल झालेली दिसली. तोंडात आरसा असताना ते त्यांना सांगायला गेलो, तर त्यांनी आणखी एक इंजेक्शन दिलं.

“आधी एवढं सांगा सर, सलग पाहिजे की ग्रिड?” कॉन्ट्रॅक्टरने पहिल्याच दिवशी विचारलं. सलग म्हणजे जिप्सम बोर्ड. पत्र्याच्या सांगाड्याला स्क्रूने ठोकायचे, सांधे पट्टी लावून भरायचे, घासायचे, रंगवायचे. दिसायला झकास, एक रेघ नाही. पण हे छत खऱ्या स्लॅबखाली टांगलेलं, आणि मधल्या पोकळीत एसीचा डक्ट, वायरी, स्प्रिंकलरचे पाइप असा सगळा संसार असतो. तिथे काही बिघडलं की त्या झकास छताला भोक पाडा. म्हणून आधीच झाकणं ठेवायची. ती ठेवायलाच हवीत, यावर सगळ्यांचं एकमत झालं. मात्र आपल्या टेबलाच्या वर नकोत, यावरही झालं.

ग्रिडचं बरं असतं. 600 बाय 600 मिलिमीटरच्या चौकटी, त्यात मिनरल फायबरच्या टाइल्स नुसत्या ठेवलेल्या. हवी ती उचला, काम करा, परत ठेवा. फक्त हात स्वच्छ पाहिजेत, नाहीतर प्लंबर कुठून कुठपर्यंत गेला हे बोटांच्या ठशांवरून कळतं. मी आलेल्या मालाला टेप लावून पाहिली. टाइल 595 भरली! पाच मिलिमीटरची चोरी पकडल्याच्या ऐटीत मी कॉन्ट्रॅक्टरला बोलावलं. त्याने शांतपणे टेप गुंडाळली आणि म्हणाला, “सर, सहाशेची टाइल सहाशेच्या चौकटीत बसवून दाखवा, मी बिल फाडतो.”

जिप्समबद्दल मला अजूनही आपुलकी वाटते. या पदार्थाच्या वजनातला साधारण पाचवा हिस्सा चक्क पाणी असतं, स्फटिकात बांधलेलं. आग लागली की ते वाफ होऊन निघत राहतं आणि तोवर आगीला पलीकडे जाऊ देत नाही. म्हणजे आगीत हा गडी शूर. पण वरचा पाइप थेंब थेंब गळायला लागला की मान टाकतो, फुगतो, पोट सोडतो. दमट जागेसाठी हिरव्या कागदाचा बोर्ड येतो, आगीसाठी गुलाबी. मी स्वच्छतागृहात हिरवा लावायला सांगितला, तर एक सहकारी कुरकुरला, “हिरवा? त्यापेक्षा गुलाबी बरा दिसेल.” वरून रंग मारायचा असतो, हे त्याला समजावण्यात माझी दुपार गेली.

भिंतींच्या वेळी मात्र खरी दमछाक झाली. लॅमिनेट, व्हिनियर, पीव्हीसीचे पॅनेल, पट्ट्यापट्ट्यांचे लूव्हर, कापडाने मढवलेले बोर्ड. तळहाताएवढ्या तुकड्यावरून चाळीस फूट भिंत डोळ्यांसमोर आणायची, म्हणजे नखावरून नवरदेव पसंत करण्यासारखं. त्यात पांढरा हा एक रंग नसून समाज आहे, हे मला पन्नाशीला कळलं. दुकानात जुळे भाऊ वाटणारे दोन तुकडे ऑफिसच्या दिव्याखाली आणले, तर एक पिवळट आणि दुसरा निळसर. दिवा बदलला की नातं तुटतं. तेव्हा तुकडा निवडायचा तो ज्या दिव्याखाली जन्म काढणार, त्याच दिव्याखाली. मी निवडलेल्या छटेला साहेबांनी तीन सेकंद पाहिलं आणि म्हणाले, “पांढराच आहे ना? मग झालं.”

त्यांना फक्त एकच गोष्ट हवी होती: केबिनमध्ये शांतता. मग मी एनआरसी नावाचा आकडा शिकलो. शून्य ते एक असा मोजतात. 250, 500, 1000 आणि 2000 हर्ट्‌झला सामान आवाज किती शोषतं, त्याची ही सरासरी. साहेबांचा आवाज यातल्या कुठल्या पट्टीत बसतो ते कळेना, म्हणून सगळ्यात जास्त आकड्याच्या टाइल्स घेतल्या. वर भिंतींना कापडी पॅनेल. केबिनमध्ये टाळी वाजवली तरी ती जिथल्या तिथे विरायची. मी स्वतःवर खूश होतो.

तिसऱ्या दिवशी हिशोब विभागात बसल्या बसल्या छतातून आकाशवाणी झाली, “यंदा पगारवाढ नावापुरतीच द्यायची.”

आवाज पिणं वेगळं आणि आवाज अडवणं वेगळं. टाइल जेवढी मऊ, हलकी, सच्छिद्र, तेवढी ती खोलीतला घुमारा छान मारते, पण आरपार जायला वाटही तेवढीच देते. त्यात केबिनचं पार्टिशन या टांगलेल्या छतापर्यंतच नेलं होतं. आवाज टाइलमधून वर चढायचा, पोकळीतून पार्टिशन ओलांडायचा आणि आमच्या डोक्यावर उतरायचा. भिंतीला कान असतात हे ऐकून होतो. छताला तोंड मी स्वतः निवडून बसवलं होतं.

कॉन्ट्रॅक्टरने वर डोकं घालून पाहिलं. “पार्टिशन थेट स्लॅबपर्यंत चढवू, आत रॉकवूल, म्हणजे दगडाची लोकर, भरू. दोन दिवसांचं काम, सर. होऊन जाईल.”

हिशोब विभागाने मला जिन्यात गाठलं. एरवी माझ्याशी फक्त व्हाउचरवरून भांडणारी ही माणसं अगदी हळुवार आवाजात म्हणाली, “घाई काय आहे?”

परवा साहेब ऑफिसभर फिरले. कुणी बोलत नव्हतं, खुर्चीसुद्धा करकरत नव्हती. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “मानलं तुम्हाला. टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता आहे. काय टाइल्स निवडल्यात!”

मी “थँक्यू सर” म्हणालो. तेवढ्यात केबिनमध्ये फोन वाजला, साहेब लगबगीने आत गेले, आणि आमच्याकडे कुणीतरी उठून प्रिंटर बंद केला.