वॉटर पोलोत बुडवायला परवानगी असते म्हणे!

माझी भाची चौदा वर्षांची आहे. गेले सात महिने पहाटे साडेपाचला उठून ती टँकवर जाते. परवा रात्री तिचा मेसेज आला, ‘आत्या, आई उद्यापासून नको म्हणतेय. तू बोल ना तिच्याशी.’ वहिनीला फोन लावला तर तिने मलाच एक फॉरवर्ड वाचून दाखवला. पुढच्या दोन दिवसांत तोच फॉरवर्ड सोसायटीच्या ग्रुपवर आला आणि शाळेच्या मैत्रिणींच्या ग्रुपवरही आला. ‘मुलांना वॉटर पोलोला पाठवताय? आधी हे वाचा’ असा मथळा, खाली पाच मुद्दे, आणि शेवटी ‘प्रत्येक पालकापर्यंत पोचवा’. पाण्यात पोहत, हाताने चेंडू समोरच्याच्या गोलात टाकायचा हा खेळ मी नऊ वर्षं खेळले आहे. माझ्याच घरातली मुलगी यापायी घरी बसणार असेल, तर उत्तर द्यायलाच हवं.

सगळ्यात घातक मुद्दा आधी घेते, कारण वहिनी घाबरली ती त्यालाच. ‘या खेळात प्रतिस्पर्ध्याला पाण्याखाली बुडवायला नियमानेच परवानगी आहे.’

असं सरसकट म्हणणं साफ खोटं आहे. वर्ल्ड अॅक्वाटिक्स या जागतिक संघटनेचं नियमपुस्तक कुणालाही मोफत वाचता येतं. त्यात स्पष्ट लिहिलंय की ज्याच्या हातात चेंडू नाही अशा खेळाडूला धरणं, बुडवणं किंवा मागे खेचणं हा मोठा फाऊल आहे. असं करणाऱ्याला लगेच बाहेर काढतात. मी खेळत होते तेव्हा ही शिक्षा २० सेकंदांची होती. ऐकायला थोडी वाटते, पण तेवढा वेळ सहा जणींसमोर पाचच जणी उरतात आणि गोल बसतो. असे तीन फाऊल झाले की त्या खेळाडूचा सामना संपला. कुणी मुद्दाम लाथ किंवा बुक्का मारला तर तो खेळाडू सामन्यातून बाद होतो आणि त्याच्या संघाला चार मिनिटं एक माणूस कमी घेऊन खेळावं लागतं.

मग लोकांना बुडवाबुडवी दिसते ती कुठली? इथे अर्धं खरं आहे, तेही सांगते. ज्याने चेंडू हातात धरलाय त्याला अडवता येतं, त्याच्यावर चढून जाता येतं. पण ‘धरलाय’ या शब्दाला नियमात अर्थ आहे. चेंडू पुढ्यात ठेवून पोहत नेलात तर तो धरलेला नाही. उचललात, हात ठेवलात, तर धरला. म्हणून आम्हाला पहिल्या महिन्यातच सरांनी शिकवलं होतं, अंगावर कुणी आलं की चेंडू सोड. चेंडू सोडला की समोरचीचा हात तुझ्या खांद्यावर राहिला तरी फाऊल तिचा. उलट हट्टाने धरून ठेवलास आणि तो पाण्याखाली गेला, तर फाऊल तुझाच, मग तो तिने दाबून खाली नेलेला असला तरी. म्हणजे बुडण्यातून सुटायचा रस्ता खेळाडूच्या स्वतःच्या बोटांत असतो. ज्याने मेसेज लिहिला त्याने एक सामना जरी काठावर बसून पाहिला असता तरी हे कळलं असतं.

‘पंचांना खालचं दिसत नाही’ हे मात्र पूर्ण नाकारत नाही. दोन पंच तलावाच्या दोन बाजूंनी चालत असतात, तरी पाण्याखालचा प्रत्येक चिमटा त्यांना दिसत नाही. पोहण्याचे कपडे ओढले जातात, ओरखडे येतात. म्हणूनच सामन्याआधी पंच प्रत्येकीची नखं तपासतात. माझी दोनदा परत कापायला लावली होती. बोटं मुरगळतात, खांदे दुखावतात, हेही खरं. पण ओरखडा वेगळा आणि ‘बुडवायची परवानगी’ वेगळी.

याला पुरावा म्हणून मेसेजमध्ये १९५६ सालच्या मेलबर्न ऑलिंपिकचा फोटो लावलाय, डोळ्याजवळून रक्त ओघळणाऱ्या खेळाडूचा. खाली लिहिलंय, ‘या सामन्यात पाणी लाल झालं आणि खेळाडू मेला.’ तो हंगेरीचा एर्विन झादोर. तो २०१२ पर्यंत जगला. अमेरिकेत जाऊन पोहण्याचा प्रशिक्षक झाला आणि पुढे पोहण्यात ऑलिंपिक गाजवणाऱ्या मार्क स्पिट्झला लहान वयात त्याने शिकवलं. तो सामना हंगेरी विरुद्ध सोव्हिएत संघ असा होता. काही आठवड्यांपूर्वीच सोव्हिएत रणगाड्यांनी बुडापेस्टमधला उठाव चिरडला होता, तो राग दोन्ही बाजूंना पाण्यात घेऊन आला. झादोरला ठोसा बसला तो पाण्याच्या वर, सगळ्या प्रेक्षकांसमोर. हंगेरी ४-० ने पुढे असताना सामना तिथेच थांबवला गेला. रणगाड्यांचा हिशोब चौदा वर्षांच्या पोरींच्या सरावाला कसा लावता?

‘खेळाडू तळाला पाय टेकून उभे असतात, म्हणून बुटक्या मुलांना धोका’ या, सोबत व्हिडिओ जोडलेल्या मुद्द्याचा मला खरोखर राग येतो, कारण या खेळातली सगळ्यात अवघड गोष्टच तो पुसून टाकतो. गोलरक्षक सोडला तर तळावर चालायला किंवा तळावरून उडी घेऊन चेंडू खेळायला मनाई आहे. मोठ्या स्पर्धांत पाणी किमान दोन मीटर खोल असतं, तिथे पाय पोचतच नाहीत. मग कंबरेपर्यंत वर येतात कसे? एगबीटरने. गुडघे बाजूला फाकवून दोन्ही पोटऱ्या आळीपाळीने, एकमेकींच्या विरुद्ध दिशेने गोल फिरवायच्या, खाली ताक घुसळल्यासारख्या. आम्ही पाच लिटरचा पाण्याचा कॅन दोन्ही हातांनी डोक्यावर धरून हे करायचो. हनुवटीला पाणी लागलं की सर पुन्हा शून्यापासून मोजायचे. आपल्याकडे बऱ्याच टँकची एक बाजू उथळ असते, तिथे लहान मुलं सराव करताना पाय टेकतात. व्हिडिओ तसल्याच ठिकाणचा असावा.

‘कानाचे पडदे फाटतात.’ टोपीला कानांवर प्लास्टिकच्या वाट्या असतात, त्या कशाला असतात?

‘आपला खेळच नाही, आणि मुलींचा तर मुळीच नाही.’ भारताचा संघ १९४८ आणि १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये खेळला. १९५१ मध्ये दिल्लीला पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या, त्यात वॉटर पोलोचं सुवर्ण भारताचं होतं. ज्या सचिन नाग यांनी तिथे १०० मीटर फ्रीस्टाइल जिंकली, ते १९४८ च्या वॉटर पोलो संघात होते. ‘पोलो’ हा शब्दसुद्धा लडाख-बाल्टिस्तानकडच्या बाल्टी भाषेतल्या चेंडूच्या शब्दावरून आलाय. मुलींच्या वॉटर पोलोला ऑलिंपिकमध्ये यायला २००० साल उजाडलं, हे खरं. पुरुषांचा खेळ तिथे १९०० पासून होता. शंभर वर्षं दार बंद ठेवलं, आणि आता म्हणायचं की हा मुलींचा खेळ नाही.

वहिनीला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तिने एकच विचारलं, ‘म्हणजे कुणी धरलं तर तिने चेंडू सोडायचा, एवढंच?’ हो, एवढंच. शनिवारी ती स्वतः टँकवर येऊन बसणार आहे. भाचीने आजच नखं कापली.