चकव्याच्या नावावर पावत्या फाडणे आता पुरे

आज सकाळी मावसभावाने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला आणि तेव्हापासून डोक्यात जी तिडीक गेली आहे ती हे लिहायला बसेपर्यंत उतरलेली नाही. हरिश्चंद्रगडावर माणसे गायब कशी होतात, असा त्याचा विषय. ड्रोनने टिपलेला गडाचा उभा कोकणकडा, त्यावर घुमणारे संगीत, धुक्यातल्या एका झुडपाभोवती लाल वर्तुळ आणि शेवटी खर्जातला एक आवाज की याचे उत्तर आजही कुणाकडे नाही. खाली हजारो लोकांनी हात जोडलेले, भुताची चित्रे चिकटवलेली, आणि ‘आम्हालाही असाच अनुभव आला’ म्हणणाऱ्यांची रांग लागलेली.

उत्तर कुणाकडे नाही म्हणे. गडाच्या पायथ्याच्या खिरेश्वर गावात कोणत्याही घराच्या ओट्यावर बसून विचारले असते तर चहा संपायच्या आत मिळाले असते.

माझ्या रागाचे कारण सांगायचे तर त्या व्हिडिओत दाखवलेले पठार माझ्या ओळखीचे आहे. काही वर्षांपूर्वी भर पावसाळ्यात मी पैसे भरून ट्रेकला नेणाऱ्या एका ग्रुपबरोबर त्याच वाटेने गडावर गेलो होतो. ग्रुपचे नाव लिहीत नाही, कारण तसे ग्रुप पुष्कळ आहेत आणि एकाला झोडपून बाकीच्यांना सोडण्यात अर्थ नाही. टोलार खिंडीपर्यंत सगळे एकत्र होते. खिंडीनंतरचा रेलिंगचा कातळटप्पा चढून पठारावर पाय ठेवला आणि ढग असा खाली बसला की पुढच्या माणसाची सॅक दिसेनाशी झाली. हा टप्पा ज्यांनी केला आहे त्यांना वर्णनाची गरज नाही: एक टेकाड चढायचे, उतरायचे, ओढा ओलांडायचा, कारवीतून वाट काढायची आणि पुन्हा तसेच दिसणारे दुसरे टेकाड चढायचे. देवळापाशी पोहोचून डोकी मोजली तेव्हा एक मुलगा कमी भरला. आमचे लीडर महाशय गुहेत जागा धरण्यासाठी केव्हाच पुढे निघून गेले होते, आणि सगळ्यांच्या मागून चालण्यासाठी नेमलेला असा माणूसच त्या ग्रुपमध्ये नव्हता.

अंधार पडल्यावर कुणीतरी हळूच ‘चकवा’ म्हणाले, म्हणजे वाट चुकवून माणसाला रानात गोल फिरवत ठेवणारे भूत. तो शब्द कानावर पडताच लीडरच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती मी विसरू शकत नाही. ‘ही जागाच तशी आहे, इथे असे होते,’ असे तो म्हणाला. संध्याकाळभर त्याच्याकडे रोखून बघणारी माणसे एकदम अंधाराकडे बघू लागली. झाले, जबाबदारी पठारावर ढकलून हा मोकळा!

मला जे म्हणायचे आहे ते एवढेच. डोंगरात माणूस हरवला की त्याला गूढतेचे वलय चढवणे यात निरुपद्रवी करमणूक काही नाही. त्याने ज्याला जाब विचारायचा तो माणूस नामानिराळा राहतो. चकव्यावर कुणी गुन्हा नोंदवू शकत नाही, चकव्याकडे कुणी शुल्काचा हिशेब मागत नाही, आणि चकवा कधी उलट उत्तरही देत नाही, म्हणून त्याच्या नावावर पावती फाडणे सगळ्यांच्या सोयीचे असते.

माणूस एकाच जागी फिरत राहतो यात भुताटकी काय आहे? जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी 2009 मध्ये लोकांना जंगलात आणि ट्युनिशियातल्या सहारा वाळवंटात सरळ रेषेत चालायला सांगितले होते. सूर्य दिसत होता तोवर माणसे बऱ्यापैकी सरळ गेली. आभाळ भरून आल्यावर जंगलातली माणसे गोल फिरून स्वतःच्याच वाटेवर परत आली, आणि तरीही आपण सरळच चाललो आहोत अशी त्यांची समजूत कायम होती. डोळे बांधले तेव्हा ही वर्तुळे वीस मीटरहूनही लहान झाली. सह्याद्रीतल्या पावसाळी ढगात डोळे उघडे असले काय आणि बांधले काय, फरक किती उरतो? त्यात पठारावर ढोरवाटांचे जाळे. गुरांच्या पायांनी रुळलेली वाट माणसांच्या वाटेइतकीच ठसठशीत दिसते, फक्त ती देवळाकडे जात नाही. गवताकडे जाते, पाण्याकडे जाते आणि पुष्कळदा कारवीत विरून जाते. आमचा मुलगा अशाच एका ढोरवाटेने गेला होता.

गडावर पिठले-भाकरीचे झाप टाकून बसणारे एक मामा त्या रात्री आमच्या मदतीला आले. मुलगा शेवटचा कुणाला दिसला, त्याच्या अंगात कपडे काय आहेत, त्याच्यापाशी खायला काही आहे का, एवढे त्यांनी आधी विचारले. यातला एकही प्रश्न आमच्या लीडरला तोवर सुचला नव्हता. मग म्हणाले, ‘चकवा लागला आसंल तर बसला आसंल. बसला आसंल तर जित्ता हाय. कड्याकडं नको जायला म्हंजी झालं.’ आम्ही टॉर्च घेऊन ठिकठिकाणी थांबत हाका मारल्या, शिट्ट्या वाजवल्या, मामांनी जेवणाची थाळी उलथन्याने वाजवली आणि पुन:पुन्हा एकच बजावले की कुणीही एकट्याने पुढे जायचे नाही. हरवलेल्याला शोधायला गेलेला दुसरा हरवतो हे त्यांना ठाऊक होते, त्यासाठी त्यांनी कुठले शिबिर केलेले नव्हते.

मामांनीसुद्धा चकवा हाच शब्द वापरला, हे इथे मुद्दाम नोंदवतो. लीडरच्या तोंडी तो शब्द आला आणि शोध थांबला. मामांच्या तोंडी आला आणि शोध सुरू झाला. गावातल्या गोष्टींना हसणाऱ्या माझ्या पुरोगामी मित्रांनी जरा इकडे लक्ष द्यावे. चकवा लागला तर जागच्या जागी बसावे आणि उजाडण्याची वाट बघावी, रात्री मागून हाक आली तर लगेच ओ देऊ नये, साती आसरांच्या, म्हणजे पाण्यातल्या सात देवतांच्या, डोहात उतरू नये: या सगळ्यांतून भूत वजा केले तर मागे जे उरते ते आजची बचाव पथके सांगतात त्याहून फारसे वेगळे नाही. वाट चुकलात तर हलू नका. कड्याच्या तोंडाशी आवाज आपटून भलत्याच दिशेने परत येतो, त्याच्या मागे जाऊ नका. शेंदूर फासलेले सात दगड ज्या डोहाच्या काठी मांडले आहेत, तिथे पूर्वी कुणाचे तरी पोर गेले असण्याची शक्यता दाट आहे. धोक्याची पाटी लावायला पत्रा आणि रंग नव्हता, वाचणाराही नव्हता, तेव्हा भीती हीच पाटी होती. याच भीतीतून बायकांना चेटकीण ठरवून मारलेही गेले आणि 2013 मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, हे मला मान्य आहे. पण गडावरचे मामा आणि ते मारेकरी यांना एका माळेत ओवायला मी तयार नाही.

सकाळी ढग थोडा उचलला तेव्हा मुलगा सापडला. वाटेपासून फार लांब नव्हता, हाकेच्या अंतराच्या जरासा पलीकडे. कारवीच्या दाट ताटव्यात सॅकवर बसलेला, सॅकच्या आतले प्लॅस्टिक फाडून डोक्यावरून घेतलेले, ओठ निळसर आणि बोलताना जीभ जड. दोन्ही हातांच्या मुठी त्याला उघडता येत नव्हत्या. मामांनी त्या आपल्या घोंगडीत धरून चोळल्या. हे सांगण्याचे कारण असे की गारठून मरायला हिमालय लागतो असा आपल्याकडे एक पक्का गैरसमज आहे. ओले कपडे, वारा आणि रिकामे पोट एवढे भांडवल सह्याद्रीलाही पुरते. ऑगस्ट 2023 मध्ये याच गडाच्या परिसरात पावसात वाट चुकलेल्या तरुणांपैकी एकाचा जीव थंडीनेच गेला. थंडीने माणसाची बुद्धी आधी मंदावते, तो भलत्याच वाटेला लागतो, काही वेळा तर ऊब वाटते म्हणून अंगातले कपडे काढून टाकतो. आणि मग असा कुणी सापडला की व्हिडिओवाल्यांना पुढच्या भागाचे साहित्य मिळते.

काही माणसे खरोखरच सापडत नाहीत, कबूल. दीड-दोन हजार फुटांच्या कड्याखाली, पावसाने माजलेल्या रानात, ओढ्याच्या लोंढ्यात एक देह शोधणे सोपे नसते. पण ‘सापडला नाही’ आणि ‘गायब झाला’ यांत जे अंतर आहे ते दोरावरून खाली उतरणाऱ्यांना विचारा. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र पथकासारखी माणसे आपापल्या पोटापाण्याच्या कामातून उठून, रात्री-अपरात्री, एक पैसा न घेता दरीत उतरतात. नोव्हेंबर 2018 मध्ये कोकणकड्यावर अडकलेल्यांना सोडवायला अशीच माणसे धावली होती. ऑगस्ट 2025 मध्ये सिंहगडावर बेपत्ता झालेला तरुण पाच दिवसांनी जिवंत सापडला. तोवर समाजमाध्यमांवर तर्कांचा महापूर आला होता, आणि तो सापडल्यावर त्यातल्या किती जणांनी आपले तर्क पुसले हे मी बघत बसलो नाही. शोधणाऱ्यांवर कुणी घुमणारे संगीत लावून व्हिडिओ करत नाही. महादेव कोळ्यांच्या वाड्या-वस्त्यांतले जे लोक सर्वांत आधी पोहोचतात, त्यांना तर बातमीत ‘स्थानिकांच्या मदतीने’ एवढ्या दोन शब्दांत गुंडाळले जाते, आणि व्हिडिओत यायचे झाले तर भुताची गोष्ट सांगणारा सुरकुतलेला चेहरा म्हणून.

अनुभवी माणसांनाही डोंगर सोडत नाही, हा आक्षेप खाली कुणीतरी घेईलच, म्हणून आधीच लिहितो. जानेवारी 2020 मध्ये ज्येष्ठ गिर्यारोहक अरुण सावंत याच कोकणकड्यावर मृत्युमुखी पडले. त्यांच्या तोडीचा माणूस गेला यावरून कड्याची ताकद कळते. त्या धक्क्यातून सावरताना डोंगरातल्या कुणीही चेटूक शोधले नाही. दोर, कडा, पाऊल यांचीच चर्चा झाली. जाणकारांनी एका माणसाला दिलेला तो मान होता.

आणि गूढच हवे असेल तर हरिश्चंद्रगडावर त्याची वाण नाही, राग बाजूला ठेवून सांगतो. केदारेश्वराच्या गुहेत बर्फासारख्या पाण्यात उभे ते शिवलिंग, भोवतीच्या चार खांबांपैकी शाबूत राहिलेला एकच, आणि तो कोसळेल तेव्हा कलियुग संपेल ही कथा. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून ती ऐकताना माझ्याही अंगावर काटा आला होता आणि तो यावा यासाठीच मी पुन्हा जातो. कोकणकड्यावरचे इंद्रवज्र घ्या. 1835 मध्ये कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने ते पाहिले असे सांगतात. पाठीशी सूर्य, समोर दरीत ढग, आणि त्या ढगावर पूर्ण गोल इंद्रधनुष्य, ज्याच्या मधोमध आपलीच सावली उभी असते. कारण माहीत नसलेल्या माणसाने ते एकट्याने पाहिले तर त्याची काय अवस्था होईल? आणि कारण माहीत असूनही, मला दिसले तेव्हा मी तोंडातून शब्द न काढता बसून राहिलो होतो. प्रकाश कसा वाकतो हे कळल्याने माझे काहीही हिरावले गेले नाही. तेव्हा ‘तुम्ही विज्ञानवाले सगळ्यातली मजा घालवता’ हे मावसभावाचे दुपारचे उत्तर मला मान्य नाही. तो मुलगा चांगला आहे, त्याने भोळेपणाने पाठवले, त्याच्यावर मी ग्रुपवर जरा जास्तच घसरलो असे आई म्हणते. असेल. पण राग त्याच्यावर नव्हता.

राग कशाचा आहे ते शेवटी लिहूनच टाकतो. मुलगा सापडल्यावर मी त्याला विचारले, तू बसून का राहिलास? लांबून शिट्ट्या ऐकू येत होत्या, पण त्या प्रत्येक वेळी वेगळ्या बाजूने यायच्या, आणि आजी सांगायची की चकवा लागला की बसायचे, म्हणून बसलो, असे तो म्हणाला. आजीमुळे बसला की दमला म्हणून बसला हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण त्या शिट्ट्यांच्या मागे तो गेला असता तर पुढे काय होते ते आम्ही उजेडात जाऊन पाहिले. उतार संपतो आणि त्यापुढे फक्त ढग असतो. हे सगळे आमच्या लीडरनेही पाहिले. आणि घरी पोहोचल्यावर त्याने फेसबुकवर काय लिहिले? हरिश्चंद्रगडावरची ती भारलेली रात्र, न उलगडलेले गूढ, अंगावर शहारे आणणारा अनुभव. मामांचा उल्लेख नाही. मागून चालायला माणूस नव्हता, याचा उल्लेख नाही. खाली पुढच्या शनिवारच्या ट्रेकचे शुल्क आणि जागा मर्यादित असल्याची सूचना. त्या पोस्टला पसंती मिळाली ती वेगळीच, आणि पुढच्या शनिवारी बस भरून गेली.

सगळे आयोजक असे नसतात, हे लिहावे लागते म्हणून लिहितो.

आता पाऊस तोंडावर आला आहे आणि माझ्या यादीतली निम्मी मंडळी कुठल्या ना कुठल्या ग्रुपबरोबर नावे नोंदवत आहेत. पैसे पाठवण्याआधी तेवढे विचारून घ्या: एका लीडरमागे माणसे किती, सगळ्यांच्या मागून कोण चालणार, खिंडीत आणि पठारावर डोकी मोजणार का, खालच्या गावात कुणाला सांगून वर जाणार, आणि ढग बसला तर परत फिरायचा निर्णय कोण घेणार. उत्तरादाखल कुणी तुम्हाला गडाच्या गूढ कथा ऐकवू लागला तर पैसे खिशातच राहू द्या. विचारायला संकोच वाटत असेल तर खुशाल माझे नाव पुढे करा. त्या वर्तुळात तसेही माझ्याबद्दल कुणी बरे बोलत नाही.