थंड आणि कोरडी जागा

गोठलेल्या तळ्यात भोक पाडायचं, त्यात गळ सोडायचा आणि तासन्‌तास त्या भोकाकडे बघत बसायचं, हा छंद आहे की शिक्षा, यावर आमच्या घरात दुमत आहे. थंडी सरल्यावर त्या छंदाचं सामान आवरून ठेवणं ही मात्र शिक्षाच, यावर एकमत. ती कोणाला, एवढाच काय तो वाद.

तळ्यावर हा सगळा संसार एका स्लेडमध्ये, म्हणजे बर्फावरून ओढायच्या घसरगाडीत, मावतो. गिरमिट, तंबू, हीटर, दोन बुटके रॉड, मासा दाखवणारं यंत्र आणि भोकातला बर्फाचा चुरा काढायचा झारा. (हा झारा स्वयंपाकघरातला नाही. एकदा तिथलाही नेला होता, तो विषय बंद आहे.) घरी आणला की तोच संसार गॅरेज व्यापून दशांगुळे उरतो.

सध्या तंबू हॉलमध्ये उभा आहे. आज चौथा दिवस. वरून हात फिरवला तर कोरडा ठणठणीत, पण शिवणींत आणि खालच्या झालरीत पाणी दबा धरून बसलेलं असतं. तसाच घडी घालून ठेवला तर पुढच्या हंगामात आत बुरशी निघते आणि त्या वासाने मासे येवोत न येवोत, माणूस बाहेर जातो. म्हणून तंबू ताणून वाळवायचा. सोफा त्याच्या पोटात गेलाय. बायको तंबूच्या खिडकीतून टीव्ही बघते आणि मधूनच विचारते, "अहो, आत काही लागलं का गळाला?"

खरी अडचण जागेची. कुठलीही वस्तू घ्या, तिच्या सूचनापत्रकात एकच मंत्र: थंड आणि कोरड्या जागी ठेवा. आमचं गॅरेज उन्हाळ्यात भट्टी होतं, तळघराला बाराही महिने घाम फुटलेला असतो. थंड आणि कोरडी अशी घरात एकच जागा, बेडरूममधलं कपाट. आणि तिथे मला गेल्या वर्षापासून प्रवेशबंदी आहे.

झालं असं, की आमिषाला मेणअळ्या लागतात. पांढऱ्या, गुबगुबीत, भुशात लोळणाऱ्या. शेवटच्या दिवशी उरलेली एक डबी माझ्या जॅकेटच्या आतल्या खिशात राहिली आणि जॅकेट गेलं कपाटात. थंडीत या अळ्या सुस्त पडून असतात, पण ऊब मिळाली की कोष विणतात. काही आठवड्यांनी बायकोने कपाट उघडलं. आतून करड्या रंगाचे पाच-सहा पतंग निवांतपणे बाहेर आले. ती शांतपणे म्हणाली, "अहो, हे कोण?"

मी समजावलं की हे लोकर खाणारे नव्हेत. यांच्या अळ्या मधमाश्यांच्या पोळ्यातलं मेण खातात आणि मोठे झालेले पतंग तर काहीच खात नाहीत, आयुष्यभर उपाशी. तिला त्यांची दया येईल असं वाटलं होतं. "पण मग डबीतून बाहेर आले कसे?" इथे मी जास्त शहाणपणा केला. स्पेनमधल्या एका संशोधिकेने या अळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवल्या तर त्यांनी पिशवीलाच भोकं पाडली, त्यावर 2017 मध्ये शोधनिबंधही आला, हे सगळं मी उत्साहाने सांगितलं. डबीचं झाकण मीच नीट लावलं नव्हतं, हे सांगितलं असतं तर कमी भोगावं लागलं असतं.

तेव्हापासून सगळं गॅरेजमध्येच निस्तरतो. गिरमिटाच्या टाकीतलं पेट्रोल काढायचं आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. नाहीतर ते शिळं होऊन कार्ब्युरेटरच्या केसाएवढ्या भोकांत चिकट साका धरतं आणि पुढच्या थंडीत दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ येते. पात्यांना तेलाचं बोट फिरवायचं. हंगामभर या पात्यांनी मला ओरखडासुद्धा काढला नाही, पुसताना मात्र अंगठ्याचा घास घेतला. रिळांचे ड्रॅग, म्हणजे दोरीचा ताण धरणारे चाप, सैल करायचे. गॅसचे सिलेंडर घराबाहेर, मोकळ्या हवेत, उभे ठेवायचे. सुरक्षेचे नियम आणि बायको यांचं एकमत असलेली ही एकमेव वस्तू.

बॅटऱ्यांची तर सासू-सुनेसारखी तऱ्हा. लिथियमवाली निम्मी भरलेली आवडते. काठोकाठ भरून ठेवली तरी झिजते, पार उतरलेली राहिली तरी बिघडते. शेजारची जुनी शिशाची मात्र पूर्ण भरलेलीच हवी, शिवाय अधूनमधून पुन्हा भरावी लागते. गेल्या वर्षी मी एकीचं पथ्य दुसरीला लावलं. शिशाची गेली.

तर सगळं पुसून, वाळवून झालं. उंदरांनी कुरतडू नये म्हणून तंबूची पिशवी टांगायला छताला हुकही ठोकला. शेवटी राहिलं जॅकेट. गॅरेजमध्ये उभं राहून मी त्याचे आणि विजारीचे खिसे मोजले. बारा. एकेक उलटा केला, आठव्यात डबी सापडली. अळ्या जागच्या जागी, झाकण घट्ट. विजयी मुद्रेने मी घरात शिरलो आणि टेबलावर दुकानाची पावती दिसली. मेणअळ्या, नग दोन.

हॉलमध्ये तंबूच्या आत दिवा लागला होता. खिडकीतून आवाज आला, "अहो, जरा इकडे या बरं."