"मुख्याध्यापकाला कसलं टेन्शन?" या मेसेजला उत्तर

सध्या ग्रुपवर फिरणारा मेसेज तुम्हीही वाचला असेल. मुख्याध्यापकाला वर्ग नसतो, नुसत्या सह्या करायच्या, मे महिनाभर सुट्टी, आणि तरीही ताण येत असेल तर सकाळी उठून प्राणायाम करावा. मी सांगली जिल्ह्यातल्या झेडपी शाळेत मुख्याध्यापक आहे, वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

वर्ग नसतो हे साफ चूक. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीच्या शाळेला वेगळा मुख्याध्यापक १५० च्या वर पट असेल तरच आहे. जत-आटपाडीच्या वस्तीवरच्या नाहीतर शिराळ्याच्या डोंगरातल्या शाळांचा पट बघा, तिथं दोनच शिक्षक आणि त्यातलाच एकजण चार्ज सांभाळत दोन-तीन इयत्ता शिकवतो.

आता सह्या. सही करायच्या आधी यू-डायस प्लस (शाळेची सगळी माहिती भरायचं सरकारी पोर्टल), संचमान्यता (पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात ती), शालार्थ (पगाराची ऑनलाईन प्रणाली), अपार आयडी (प्रत्येक मुलाचा शैक्षणिक ओळख क्रमांक), शिवाय पोषण आहाराचा रोजचा हिशोब, पाचवीपर्यंत मुलामागं १०० ग्रॅम तांदूळ आणि पुढं आठवीपर्यंत १५० ग्रॅम. त्यात एखाद्या पोराच्या आधारवर नाव चुकलेलं असलं की ते शाळेच्या नोंदीशी मॅच होत नाही, पट कमी धरला जातो आणि शिक्षकाच्या पदावर येतं, आता आईबाप ऊसतोडीला लांब गेलेले असले तर आधार सेंटरला त्या पोराला नेणार कोण? दुरुस्ती आपल्या हातात नाही पण उत्तर आपणच द्यायचं. काम जास्त आहे त्याचं एवढं काही वाटत नाही, जीव खातं ते हे.

सुट्टीचं म्हणाल तर जनगणना, निवडणूक आणि आपत्तीची कामं शिक्षकांना लावायला कायद्यातच मुभा आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात इथल्या कितीतरी शाळांत पूरग्रस्त राहिले, काही शाळा स्वतःच पाण्यात होत्या, पाणी ओसरल्यावर तो गाळ कुणी काढला ते गावाला विचारा.

आणि प्राणायाम. जरूर करा, मीपण करतो, झोप बरी लागते. पण जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये आयसीडी-११ या आजारांच्या जागतिक वर्गीकरणात बर्नआउट, म्हणजे कामानं पार थकून जाणं, नोंदवला तो कामाच्या ठिकाणच्या, आटोक्यात न आलेल्या ताणाशी जोडूनच. मग उपाय कामातच पाहिजे ना! आमच्या शाळेत आहाराची नोंद आता सगळे पाळीनं करतात, रात्री आठनंतर ग्रुप म्यूट, आणि पोर्टलवर आधीच भरलेली माहिती परत "अर्जंट" मागितली की तसं लेखी कळवतो. एवढ्यानं फरक पडलाय, पण पुरत नाही. प्रत्येक केंद्राला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाला, ऑनलाईन कामासाठी एक क्लार्क मिळावा हे मी पुढच्या शिक्षण परिषदेत (केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत) लेखी देणार आहे, ज्या सरांना-मॅडमना पटतंय त्यांनी आपापल्या केंद्रात द्या.