संगीताच्या प्रदर्शनात श्रोत्याची जागा कोणती?

एखाद्या गायकावर किंवा बँडवर बेतलेले प्रदर्शन भरले की बाहेर रांगा लागतात आणि पाठोपाठ ‘संग्रहालयांची आता जत्रा झाली’ अशी तक्रारही ऐकू येते. मला ही तक्रार मान्य नाही. लोकप्रिय संस्कृतीला कलादालनात प्रवेश द्यावा की नाही, हा वाद अमेरिकी चित्रकार अँडी वॉरहॉलने १९६२ मध्ये नटी मेरिलिन मन्रोचा चेहरा पन्नास वेळा छापला तेव्हाच जुना झाला. १९६८ मध्ये बीटल्स या बँडच्या तबकडीसाठी चित्रकार रिचर्ड हॅमिल्टनने जवळजवळ कोरे पांढरे वेष्टन केले तोवर तर चित्रकार आणि वादक एकाच कामात भागीदार झाले होते. माझा आक्षेप वेगळा आहे. अशा प्रदर्शनांत गायक असतो, त्याचे कपडे असतात, वाद्ये असतात. पण ज्याच्या कानांमुळे ते संगीत लोकप्रिय झाले, तो श्रोता बहुधा फक्त तिकीट काढणारा म्हणून उरतो.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये २०१३ साली भरलेले ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवीचे प्रदर्शन या प्रकारातले सर्वांत यशस्वी म्हणावे लागेल. अनेक देशांत फिरून ते २०१८ मध्ये ब्रुकलिनला संपले. पोशाखांच्या जोडीला हाताने लिहिलेल्या गीतांचे कागद होते आणि आपण ज्या वस्तूसमोर उभे राहू तिच्याशी जुळणारा आवाज कानांवरच्या हेडफोनमध्ये आपोआप सुरू होई. खोडलेल्या ओळी पाहताना गाणे घडते कसे हे कळते, आणि ते मोलाचे आहे. तरीही शेकडो माणसे एका दालनात, प्रत्येक जण आपापल्या आवाजात बंद, हे चित्र मला खटकते. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१५ मध्ये आइसलंडची गायिका ब्यॉर्क हिच्यावर केलेल्या प्रदर्शनात हीच रचना अरुंद वाटांत कोंबली गेली आणि समीक्षकांनी तिच्यावर सडकून टीका केली. रोलिंग स्टोन्स या रॉक बँडच्या २०१६ च्या लंडनमधील प्रदर्शनात तर त्यांच्या उमेदवारीच्या काळातले घाणेरडे बिऱ्हाड हुबेहूब उभारले होते. गंमत म्हणून ते ठीक आहे, पण खरकटी भांडी पाहून त्यांचे संगीत अधिक कळते असे मला वाटत नाही.

याच्या नेमके उलट काम कॅन्डिस ब्राइट्झ या दक्षिण आफ्रिकी कलावतीचे आहे. तिने २००५ मध्ये बर्लिनमध्ये मायकल जॅक्सनच्या सोळा चाहत्यांना एकेकटे स्टुडिओत बोलावले आणि प्रत्येकाकडून जॅक्सनचा १९८२ चा गाजलेला अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत गाऊन घेतला. ही चित्रीकरणे शेजारी शेजारी एकाच वेळी चालतात तेव्हा कधीही एकत्र न गायलेल्या माणसांचे समूहगान तयार होते. मूळ गायकाचा आवाज त्यात नाही, वाद्यवृंद नाही. कोणी बेसूर आहे, कोणी लाजरा आहे, कोणी वर्षानुवर्षे आरशासमोर केलेला सराव अखेर जगाला दाखवत असल्याच्या थाटात नाचतो. चाहत्यांची टवाळी करणे अगदी सोपे होते, पण ब्राइट्झ त्या मोहात पडत नाही. या कामाला ती ‘मायकल जॅक्सनचे व्यक्तिचित्र’ म्हणते, आणि ते मला पटते, कारण त्याचे जे रूप लोकांच्या अंगात भिनले आहे तेवढेच येथे दिसते.

लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने २०१८ मध्ये जॅक्सनवर अनेक समकालीन कलावंतांच्या कामांचे मोठे प्रदर्शन भरवले. पुढच्या वर्षी ते जर्मनीत बॉनला पोहोचले तेव्हा एका माहितीपटातून त्याच्यावर बालकांच्या लैंगिक अत्याचाराचे आरोप नव्याने पुढे आले होते; त्याच्या वारसांनी ते नाकारले होते. निव्वळ गौरवासाठी जमवलेल्या वस्तू अशा वेळी अडचणीच्या ठरतात. लोक एखाद्या चेहऱ्यावर एवढा जीव का लावतात, असे विचारणारी कामे मात्र त्यानंतर अधिकच गरजेची वाटतात.

ब्रिटिश कलावंत जेरेमी डेलरने १९९७ मध्ये पितळी वाद्यांच्या एका बँडकडून ॲसिड हाउस हे क्लबांतले नृत्यसंगीत वाजवून घेतले. ब्रिटनमध्ये असे बँड खाणी आणि कारखान्यांच्या वस्त्यांत वाढले. त्यामुळे एरवी एकमेकांकडे न फिरकणारे दोन श्रोतृवर्ग येथे एकाच सुरावटीत भेटतात. क्रिश्चन मार्क्ले या कलावंताच्या २००० सालच्या चित्रफितीत ॲम्प्लिफायरला जोडलेली इलेक्ट्रिक गिटार टेक्सासच्या रस्त्यांवर ट्रकमागून फरफटत जाते. १९९८ मध्ये त्याच राज्यात एका कृष्णवर्णीय माणसाला असेच फरफटवून ठार मारण्यात आले होते. रंगमंचावर गिटार फोडण्याच्या रॉकमधल्या प्रथेला टाळ्या वाजवणाऱ्यांना तो आवाज सहन होणे कठीण आहे.

आइसलंडचा कलावंत रॅग्नार क्यार्तान्सन याच्या २०१२ च्या चित्रफितींच्या मांडणीत नऊ पडदे आहेत. एका जुन्या वाड्यातल्या वेगवेगळ्या खोल्यांत बसलेले वादक एकच गीत तासाभराहून अधिक वेळ आळवत राहतात. येथे हेडफोन वादकांच्या कानांवर आहेत, कारण त्यांना एकमेकांना ऐकायचे आहे. प्रेक्षकांचे कान मोकळे. एका पडद्याजवळ गेलो की पियानो ठळक होतो, दुसऱ्याकडे वळलो की चेलो, आणि गाण्याचा तोल प्रत्येकाच्या चालण्याने बदलतो.

फक्त, हे काम चौसष्ट मिनिटांचे आहे. अशा दालनात लोक चार-पाच मिनिटे थांबून निघतात, याचा दोष नेहमी त्यांच्या चंचलपणाला दिला जातो. पण कितीदा दाराशी कामाची लांबी लिहिलेली नसते, आत टेकायला जागा नसते आणि शेजारच्या दालनातला आवाज भिंतीतून झिरपत असतो. नाटकाच्या प्रेक्षकाला उभे ठेवून तो मध्येच गेला म्हणून कोणी नावे ठेवत नाही. संग्रहालयांनी पुढचा चमचमता अंगरखा विकत घेण्याआधी निदान बाके तरी घ्यावीत.