पिशवी १८० रुपयांचीच आहे

आज दुपारी एका मोठ्या कंपनीतून फोन आला, नाव घेत नाही. १२ जानेवारीला युवा दिनाचा कार्यक्रम आहे, ३०० कापडी पिशव्या पाहिजेत, एका बाजूला विवेकानंदांचं चित्र आणि दुसऱ्या बाजूला कंपनीचा लोगो. मला आनंदच झाला, आमच्यासारख्या छोट्या युनिटला एवढी ऑर्डर रोज येत नाही. मग रेट सांगितला तर पलीकडून मॅडम म्हणतात, "अहो पण तुम्ही सोशल वर्कच करता ना, मग शंभरला द्या की." आणि वर हेही, "त्या अनाथ मुलांचे काम करतानाचे फोटो आणि स्टोऱ्या पाठवा, आम्ही स्टेजवर दाखवतो."

डोकं सटकलं माझं. फोनवर नीट बोलले, पण आता इथे लिहिणार आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं स्क्रीन प्रिंटिंग चालतं. पिशव्या, डायऱ्या, टी-शर्ट. डिझाइन मी करते आणि छपाई मुलं करतात. ही मुलं बालगृहात वाढलेली. १८ पूर्ण झाली की तिथून बाहेर पडावं लागतं. कायद्यात पुढची सोय आहे, अनुरक्षणगृहात २१ वर्षांपर्यंत राहता येतं, पण सगळ्यांना तिथं जागा मिळत नाही. तुमच्या माझ्या घरातलं पोरगं १८ व्या वर्षी आईला विचारतं माझे मोजे कुठायत, आणि ही पोरं एका ट्रंकेत कपडे आणि दाखल्यांची फाइल घेऊन रस्त्यावर उभी.

आमच्याकडे आलेल्या पहिल्या पोराला पहिला पगार दिला तेव्हा तो पाकीट हातात धरून नुसता उभा. मी म्हटलं, काय रे, कमी आहेत का? तर म्हणतो, "ताई, हे कुणाकडे जमा करायचे?"

त्याला स्वतःचे पैसे खिशात ठेवायची सवयच नव्हती हो.

म्हणून मला त्या शंभर रुपयांचा राग येतो. १८० मध्ये काय काय आहे ते बघा. कापड, शिलाई, शाई. तीन रंगांचं चित्र असेल तर प्रत्येक रंगाची वेगळी फ्रेम, प्रत्येक फ्रेमच्या जाळीवर इमल्शन, म्हणजे उजेडानं घट्ट होणारं रसायन, लावून अंधारात सुकवायचं, मग लाइटवर एक्सपोज करायचं, धुवायचं. मग स्क्वीजीचा, म्हणजे शाई ओढायच्या रबरी पट्टीचा, एकसारखा हात मारायचा, एक रंग सुकला की दुसरा, आणि दुसरी फ्रेम जराशी हलली तरी चेहऱ्याचा डोळा गालावर जातो आणि ती पिशवी बाद. हे शिकायला महिने लागतात आणि शिकताना बाद झालेला माल मालकाच्या अंगावर पडतो, पोराच्या पगारातून मी कापत नाही. उरलं काय तर मजुरी. म्हणजे तुम्ही ८० रुपये कमी करा म्हणता तेव्हा ते माझ्या पदरातून जात नाहीत, "कुणाकडे जमा करायचे" विचारणाऱ्याच्या पाकिटातून जातात. आणि त्यावर तुम्हीच युवा दिन साजरा करणार!

फोटोचं तर बोलूच नका. १८ च्या आतल्या मुलाची अशी ओळख छापू नये असं बाल न्याय कायद्याचं कलम ७४ सांगतं. आमची पोरं १८ च्या पुढची आहेत, मान्य, कायदा आडवा येत नाही. पण म्हणून काय स्टेजवर मोठ्ठा फोटो लावून खाली "अनाथ" लिहायचं? तो छापणारा आहे. सुबक छापतो. तेवढं सांगा ना लोकांना.

नात्यातलेच एकजण मागं म्हणाले होते, हे सगळं मार्केटिंग आहे. असं लिहिलं की ऑर्डरी वाढतात, हो, वाढतात, नाही म्हणत नाही. सगळी पोरं टिकतात असंही नाही, काही आठवड्यात निघून जातात, एक तर न सांगता गेला. पण जी टिकली ती आता नवीन पोरांना हात धरून शिकवतात, ते बघितलं की माझा राग निम्मा उतरतो, आत्ता लिहितानाही उतरलाय.

तो पगाराचं विचारणारा पोरगा आता बँकेत स्वतः पैसे भरतो आणि सकाळी आयटीआयला जातो. २०१८ ला स्वतः अनाथाश्रमात वाढलेल्या अमृता करवंदेने पाठपुरावा केला म्हणून अनाथांना १ टक्का आरक्षण मिळालं, त्यासाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राच्या मागे तो सध्या लागलाय. हेलपाटे चालू आहेत. पण एक गोष्ट अडलीय, खोली. पगार आहे, डिपॉझिट भरायची तयारी आहे, तरी घरमालक विचारतात गाव कुठलं, आईवडिलांचा नंबर द्या, आडनावावरून जात काढतात, आणि मग "बघून सांगतो". हे कोल्हापुरात! शाहू महाराजांनी १९०१ पासून जिथं मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम पोरांसाठी बोर्डिंगं उभी केली, अस्पृश्य म्हणून ज्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं त्यांच्यासाठी मिस क्लार्क बोर्डिंग काढलं, वसतिगृहांची जननी म्हणून आपण ज्याची मिरवणूक काढतो त्या गावात एका कमावत्या पोराला दहा बाय दहाची खोली मिळत नाही.

मालकाला भीती वाटत असेल, समजतं मला, अनोळखी माणूस म्हटलं की भीती वाटतेच. म्हणून करारावर साक्षीदार म्हणून मी सही करते, पोलिस व्हेरिफिकेशनला मी सोबत येते, भाडं थकलं तर मला फोन करा.

दोन पोरं आहेत. राजारामपुरी, शाहूपुरी, मंगळवार पेठ, उद्यमनगरच्या आसपास कुठेही चालेल, संडास कॉमन असला तरी चालेल, सकाळी सहाला पाणी येत असेल तर फारच बरं कारण एकाला आयटीआय गाठायची असते. कुणाच्या माहितीत असेल तर इनबॉक्स करा, पोस्टवर नको.

आणि पिशव्या पाहिजे असतील तर १८०.